आमच्या घरची मूठ

फोन साधारण दुपारी येतो. पलीकडे कुणाचा तरी मुलगा असतो, नाहीतर जावई, नाहीतर घाबरलेली बायको. "मावशी, फिजिओच्या मॅडमनी तुमचा नंबर दिला. तुम्हालाही जीबीएसच झालं होतं ना, ते हातपाय लुळे पडायचं?" मी हो म्हणते. नंतरचा प्रश्न मला आता पाठ झालाय. "चालता येतं का हो तुम्हाला?"

येतं. काठी लागते, पायऱ्या उतरताना कुणाचा तरी खांदा लागतो, पण येतं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे बाकीचं तुम्ही निवांत वाचाल. प्रत्येकाला फोनवर सगळं सांगत बसलं की माझा घसा बसतो आणि आमचे हे माझ्यावर ओरडतात. म्हणून एकदाचं लिहून ठेवतेय. मी काही डॉक्टर नाही. निरवांगीच्या अंगणवाडीत पोरं सांभाळण्यात माझा जन्म गेला. तेव्हा औषधांचं मला विचारू नका. डॉक्टरांना जे सांगायला वेळ नसतो तेवढंच मी सांगणार आहे.

आणखी एक. मी ख्रिस्ती आहे, त्यामुळे यात प्रभूचं नाव येणार. ज्यांना नको असेल त्यांनी तेवढं सोडून पुढं वाचावं, मला राग नाही. त्या दिवसांत मला स्वतःलाच त्याचं नाव धड घेता येत नव्हतं.

मुंग्या

पोट बिघडलं होतं, ते बरं झालं आणि तळपायांना मुंग्या यायला लागल्या. मला वाटलं, पोरांबरोबर मांडी घालून बसते त्याचं असेल. मग खिचडीचं पातेलं हातातून सुटलं. पोरं हसली, मीपण हसले. दुसऱ्या दिवशी जमिनीवरून उठायला गेले तर उठताच येईना. मदतनीस बाईनं काखेत हात घालून उभं केलं, तर पाय म्हणजे दुसऱ्या कुणाचे तरी आणून लावल्यासारखे.

आमचे हे साखर कारखान्यात फिटर होते. आयुष्यभर यंत्रं दुरुस्त केलेला माणूस. त्यांनी माझा पाय उचलून, वाकवून, खाली ठेवून निकाल दिला, "शिरा आखडल्यात." मग निर्गुडीचा पाला, मग तेल, मग शेक. त्यात आमचा एक अख्खा दिवस गेला. तुम्हाला म्हणून सांगते, मुंग्या पायातून वर चढायला लागल्या तर तेलाची बाटली खाली ठेवा आणि गाडी काढा.

आम्ही काढली तेव्हा हंगाम सुरू होता. बारामतीच्या रस्त्याला उसाच्या ट्रॉल्या एकामागं एक, आणि प्रत्येक ट्रॅक्टरवाल्यानं मोठ्यानं गाणी लावलेली. हे खिडकीतून अर्धे बाहेर निघून "पेशंट हाय, पेशंट हाय" म्हणून ओरडत होते. त्यांचा आवाज इतका चिरका मी कधी ऐकला नव्हता. तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली.

दवाखान्यातला डॉक्टर आमच्या मुलाच्या, दाविदच्या वयाचा होता. त्यानं छोट्या हातोडीनं गुडघ्यावर टकटक केलं. गुडघा ढिम्म. दुसऱ्यावर केलं. तोही ढिम्म. मघापर्यंत तो माझ्याशी हसून बोलत होता, आता हसायचा थांबला. म्हणाला, "काकू, एका श्वासात आकडे म्हणा बरं, जमतील तेवढे."

मी म्हटलं, "अरे, अंगणवाडीताईला आकडे म्हणायला लावतोस होय?" आणि झोकात सुरुवात केली. माझी पोरं नाक ओढत ओढत जिथवर म्हणतात, तिथवरही मी पोचले नाही. श्वासच संपला. हे माझ्याकडे बघत होते आणि मी भिंतीकडे.

डॉक्टरनं आजाराचं लांबलचक परदेशी नाव सांगितलं. हे म्हणाले, "ते नाव राहू द्या. ही बरी होईल ना?"

"बहुतेक जण होतात," तो म्हणाला. "पण वेळ लागतो. आणि आधी अजून बिघडेल, मग सुधारेल. तेवढी तयारी ठेवा."

आधी अजून बिघडेल. हे वाक्य घेऊन मी आयसीयूत गेले.

नाक

बिघडलं. पाय गेले, हात गेले, मग श्वास पुरेना म्हणून तोंडातून नळी घातली आणि मशीन लावलं. बोलणं बंद. डोकं मात्र लख्ख जागं. लोकांना वाटतं मशीनवरचं माणूस बेशुद्ध असतं. मी नव्हते. कोणती नर्स रुसून आलीय, कोणाचं लग्न ठरतंय, सगळं मला कळत होतं. हात मात्र चादरीवर पडलेले, कुणीतरी विसरून गेल्यासारखे.

तुम्ही विचाराल, अशा वेळी काय प्रार्थना केली? खरं सांगू? काहीच नाही. आमच्या वस्तीवर प्रार्थना कर म्हटलं की सगळे माझ्याकडे बघतात. शब्दांना मी कधी कमी पडले नव्हते. पण तिथं एकही शब्द येईना. हे भेटीच्या वेळेला यायचे, शास्त्र, म्हणजे बायबल, उघडायचे आणि मी बहिरी झाल्यासारखं मोठ्यानं वाचायचे. शेजारच्या पलंगावरच्या आजोबांचीही त्यातून सोय व्हायची. माझ्या कानांवरून ते नुसतं वाहून जायचं. मला वाटायचं, इतकी वर्षं जे केलं ते सगळं तोंडपाठच होतं की काय.

आणि एका सकाळी नाक खाजायला लागलं.

हसू नका. डाव्या नाकपुडीच्या कडेला, चिकटपट्टी लावलेली त्याच्या जरा वर. हात हलत नाही, बोलता येत नाही. डोळे मिचकावले तर नर्सला वाटलं मला झोप येतेय, तिनं लाईट बारीक केला. जीव गेला तर बरं असं मला आजारानं नाही वाटलं, त्या खाजेनं वाटलं. डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं आणि मनात शब्द आले, "प्रभू, नाक." एवढेच. माझ्या आयुष्यातली सगळ्यात छोटी प्रार्थना, आणि सगळ्यात मनापासून केलेली.

थोड्या वेळानं आयसीयूतल्या मावशी आल्या. अंग पुसायचं काम त्यांच्याकडं होतं. त्यांनी कोमट पाण्यात रुमाल पिळला आणि नाकापासूनच सुरुवात केली. चांगलं खसाखसा पुसलं. "लई खाजत आसंल न्हाय वो हितं? पट्टी लावली की समद्यांनाच खाजतं," त्या म्हणाल्या.

मी याला चमत्कार म्हणणार नाही. त्यांची यायची वेळच ती होती. पण त्या गेल्यावर माझ्या मनात एक विचार आला तो सांगते. प्रभूचेही हात खिळलेले होते. त्यालाही त्या उन्हात, त्या माशांमध्ये, नाक खाजलंच असणार. त्यालाही हात हलवता आला नसेल. हे बोलणं वावगं असेल तर आमच्या चर्चचे पाळकसाहेब मला सांगतील. पण वधस्तंभ मी लहानपणापासून भिंतीवर बघत आले होते, आणि त्यावरचा माणूस माझ्या इतका जवळचा मला कधी वाटला नव्हता. याला सगळं माहीत आहे, असं वाटलं. मग मला रडू आलं ते वेगळं होतं.

परात

आता आमच्या वस्तीवरची एक रीत सांगावी लागेल, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

आमची मंडळी लहान. पत्र्याचं छप्पर असलेलं चर्च, मोजकी घरं. पाळकसाहेब बारामतीहून महिन्याच्या पहिल्या रविवारी येतात आणि त्या दिवशी प्रभुभोजन असतं, म्हणजे प्रभूच्या आठवणीत मेजावरची एकच भाकर मोडून सगळ्यांनी खायची आणि द्राक्षरस घ्यायचा. त्याची भाकर आमच्या घरात होते. नावाला भाकर, खरं तर गव्हाची जाड पोळी. मीठ नाही, तेल नाही, खमीर नाही. शनिवारी प्रत्येक घरातून मूठभर पीठ येतं. ज्याचं त्यानं आपल्या हातानं आमच्या पितळी परातीत टाकायचं. शेवटची मूठ मळणारणीच्या घरची. माझ्या सासूबाईंकडून हे माझ्याकडं आलं. मळताना ज्या ज्या घराची मूठ पडली त्या घरासाठी प्रार्थना करायची, ही त्यांची शिकवण. कुणाची म्हैस आटलीय, कुणाचं पोर नापास झालंय, कुणाच्यात बोलाचाली बंद आहे. सगळं त्या एका गोळ्यात मळलं जातं.

तर त्या नाकाच्या दिवसानंतर मी आयसीयूत पडल्या पडल्या परात काढली. मनातल्या मनात. पहिली मूठ येशूदास तात्यांची, ते कायम पहिले. म्हातारी बोटं, अर्धं पीठ परातीबाहेर. मग त्यांच्या पुतण्याची, मग पलीकडच्या विधवा बाईची, तिची मूठ सगळ्यात मोठी. एकेक घर आठवायचं, त्या घराचं दुखणं आठवायचं, आणि मळायचं. हात चादरीवर निपचित, पण मळायचं. शब्द जुळवायची गरजच नव्हती. शेवटी आमच्या घरची मूठ टाकायची आणि म्हणायचं, प्रभू, ही आमची.

मला धीर आला तो असा. आकाशवाणी झाली नाही, कुठला प्रकाश दिसला नाही. मशीनच्या आवाजात मी रोज एक भाकर मळत होते. हळूहळू श्वास माझा मला पुरायला लागला आणि नळी निघाली.

भेटायला आलेले

साध्या वॉर्डात आल्यावर भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. यातल्या काहींना देव बुद्धी देवो.

एक लांबच्या नात्यातल्या बाई पलंगाशी बसल्या, डोळे मिटून लांबलचक प्रार्थना केली आणि उघडल्यावर म्हणाल्या, "रिबका, आठवून बघ. काहीतरी पाप कबूल करायचं राहिलं असंल, त्याशिवाय असा आजार येत नाही." माझा आवाज तेव्हा नुसता घोगरा फुसफुसाट होता. उत्तर द्यायच्या आत आमचे हे उठले. हा माणूस आयुष्यात पाहुण्याला ऊठ म्हणालेला नाही. त्यांनी त्या बाईंची पिशवी उचलली, दारापर्यंत नेली आणि म्हणाले, "तुमची गाडी चुकेल." त्यानंतर हे कितीतरी दिवस चर्चला गेले नाहीत. शास्त्रही उघडलं नाही. "देवाशी माझं बोलणं बंद हाय," म्हणाले. मी समजूत घातली नाही. रोज वेळेवर येऊन ते माझे तळपाय चोळत बसायचे. मला तेवढी प्रार्थना पुरत होती.

आणि एक आमची शेजारीण. ती नरसिंहपूरला देवाला जाऊन आली होती. कागदाच्या पुडीत प्रसादाचा पेढा, आणि चेहरा चोरट्यासारखा. "अक्का, तुमच्यात चालत न्हाय म्हाईत हाय मला. खाऊ नका. पर मी माझ्या देवाला तुमचं सांगून आले. तेवढं आसू द्या." मी तिला वाकायला लावलं आणि तिच्या गालाला गाल लावला. हात उचलत असते तर मिठी मारली असती.

तात्यांचा शब्द

वॉर्डातच मला ती बातमी कळली. मी यांना सहज विचारलं, "पहिल्या रविवारी भाकर कुणी केली?"

हे खिडकीबाहेर बघायला लागले. मग सांगितलं. मी मशीनवर असताना तात्या चर्चमध्ये उभे राहिले होते. मंडळीतले सगळ्यात वडील माणूस, त्यांच्यापुढं कोण बोलणार? वर हात करून म्हणाले होते, "प्रभू, रिबकाअक्का बरी हून तिच्या हातची भाकर येत न्हाय तवर आमी तुज्या मेजाला बसनार न्हाय." आणि सगळ्यांनी आमेन म्हटलं होतं. पुढच्या महिन्यात पाळकसाहेब आले तर मेजावर द्राक्षरस होता, भाकर नव्हती. शनिवारी कुणी पीठच काढलं नव्हतं.

मला आधी भरून आलं. दुसऱ्या क्षणाला अंगाचा तिळपापड झाला. आजूबाजूला सगळे नवस बोलतात, त्याचं वारं आमच्या म्हाताऱ्याला लागलं होतं. पाळकसाहेब भेटायला आले तेव्हा बिचारे कसनुसे झाले होते. म्हणाले, "मी तात्यांना म्हटलं, हा नवस झाला, आपल्यात बसत नाही. तर म्हणतात, नवस न्हाय सायेब, करार हाय."

तिथून पुढं माझी बोटं माझी राहिलीच नाहीत. दवाखान्यातून मला बारामतीतच जळोचीला दाविदच्या फ्लॅटवर आणलं, कारण फिजिओच्या मॅडम तिथून जवळ. पाय हलायला लागले, मान धरायला लागली, खांदे आले. हातांना मात्र काही घाई नव्हती. मॅडम रबरी चेंडू द्यायच्या. "मूठ मिटा. उघडा. मिटा." इतकी वर्षं मी पोरांना हेच शिकवलं. गाण्याच्या तालावर मूठ मिट, मूठ उघड, आणि ज्याला जमत नाही त्याच्या पाठीवर धपाटा. आता चेंडू तळव्यावर बसून असायचा आणि बोटं त्याच्याभोवती अर्धवट वाकून थांबायची.

पहिला रविवार आला की माझं जेवण जात नसे. माझ्या बोटांपायी अख्खी मंडळी उपाशी. बोटं आलीच नाहीत तर? डॉक्टर म्हणाले होते, काहींची पूर्ण येत नाहीत. मग तात्यांचा करार माझ्या गळ्यात जन्मभर राहणार होता, आणि प्रेमानं घातलेला म्हणून तो काढताही येत नव्हता.

सुजाता

सुजाता माझी सून. बारामतीची, बौद्ध घरातली, शिकलेली. दाविदनं आणि तिनं आपापलं जुळवलं, लग्न कोर्टात केलं. ती तिच्या बुद्धाला मानते, आम्ही आमच्या प्रभूला. घरात एका भिंतीवर दोघं आहेत आणि आजवर त्यांचं भांडण झालेलं ऐकलं नाही.

या मुलीनं माझं काय काय केलं ते सगळं मी लिहिणार नाही, कारण ती वाचेल आणि रागावेल. भरवणं, आंघोळ, केस, आणि सासूनं सुनेकडून करून घेऊ नये असं सगळं. सुरुवातीला लाजेनं माझा जीव जायचा. एकदा मी रडले तर म्हणाली, "आई, तुम्ही अंगणवाडीत किती पोरांचं केलंत? तेव्हा ती रडली का लाजेनं? मग गप बसा." भांडणंही झाली. ती कामावरून दमून यायची आणि मला पाणी तेव्हाच हवं असायचं. एकदा तिनं पेला आदळला. अर्ध्या तासानं दोघींनी एकमेकींना सॉरी म्हटलं आणि चहा प्यायला. म्हणजे तिनं प्यायला, मला पाजला.

एका रविवारी तात्या एसटीनं आले. माझ्या जेवणाची वेळ होती. सुजाता मला वरणभात भरवत होती. तात्या खुर्चीवर टेकले, काठी गुडघ्यांत धरली आणि बघत राहिले. घास, पाणी, तोंड पुसणं, परत घास.

"अक्का, बोटं काय म्हंत्यात?" त्यांनी विचारलं.

"बोटं म्हणतात, तात्यांना सांगा, मंडळीला जेवू घाला."

"आगं, तुज्यासाठीच केलंय आमी."

मग माझा बांध फुटला. "तात्या, मी मशीनवर पडले होते तेव्हा मला प्रार्थना येत नव्हती. एक शब्द येत नव्हता. मला कशानं तारलं माहितीये? तुमच्या मुठींनी. एकेका घराची मूठ आठवत मी दिवस काढले. तुमची पहिली. अर्धी परातीबाहेर सांडणारी. आणि तुम्ही काय केलंत? माझ्या नावानं त्याच मुठी बंद केल्या!"

तात्यांनी मान खाली घातली. काठीचं टोक फरशीवर फिरवलं. मग हळू म्हणाले, "मग करनार कोन? तुज्यासारकं कुनाला जमतंय?"

"ही करेल. मी सांगेन."

सुजाताचा हात वाटीतच थांबला. हे तिला विचारायचं माझ्याकडून राहूनच गेलं होतं. तात्या तिच्याकडं बघून चाचरत म्हणाले, "पोर गुणाची हाय, त्याबद्दल बोलनंच न्हाय. पर तिचा बाप्तिस्मा झाल्याला न्हाय."

मी तोंड उघडणार तेवढ्यात सुजाताच बोलली. "तात्या, माझ्या बाबांनी माझं नाव सुजाता का ठेवलं सांगू? बुद्ध उपासानं पार गळून गेले होते, तेव्हा त्यांना खीर देणारी ती सुजाता. समोर भुकेलं माणूस होतं, तिनं वाढलं. मी बाप्तिस्मा घेणार नाही, ते मी आईंना लग्नाआधीच सांगितलंय. पण पोळी मला येते. तुमच्या प्रभूला चालत नसेल तर राहू दे."

मी मनात म्हटलं, संपलं आता. पण तात्यांनी डोळ्यांच्या कडा पुसल्या. "त्याला चालंल गं," ते म्हणाले. "त्याला समद्यांच्या हातचं चालायचं. आमालाच चालत न्हाय." चहा घेतला. दारात चपला घालताना वळले, "पाळकसायबास्नी फोन करतो. शनवारी पीठ धाडतो. आनि पोरी, तुज्या बापाला माजा सलाम सांग."

पाळकसाहेबांचं उत्तर संध्याकाळीच आलं. पीठ मंडळीचं आहे, मळणारे हात कुणाचेही चालतील.

शनिवार

दुसऱ्या दिवशी महिन्याचा पहिला रविवार, म्हणून आमचे हे स्टीलचा डबा घेऊन निरवांगीला घरोघर हिंडले. देवाशी बोलणं बंद असलेला माणूस चर्चचं पीठ गोळा करत फिरत होता, हे मी त्यांना बोलून दाखवलं नाही. माणूस परत येत असताना त्याला हटकू नये. पितळी परातही त्यांनी न सांगता आणली होती.

डब्यातलं पीठ सुजातानं परातीत ओतलं. "आता?"

"आता आपल्या घरची मूठ."

तिनं घरच्या पिठाचा डबा माझ्या मांडीवर धरला. मी मनगटानं हात आत ढकलला. बोटं पिठात गेली. थंड, मऊ. किती महिन्यांनी. मिट म्हटलं. बोटं वाकली, अर्ध्यात थांबली. जेवढं धरलं होतं तेवढं घेऊन हात वर काढला तर बोटांच्या फटींतून पीठ भुरभुरू लागलं. परातीपर्यंत पोचेस्तोवर हात रिकामाच होणार हे मला दिसत होतं.

सुजातानं आपला तळवा माझ्या हाताखाली धरला. सांडलं ते तिच्या हातात. माझा हात परातीवर आला, तिचा खाली. दोघींचं मिळून पडलं. आमच्या घरची मूठ भरली.

मग तिनं मळलं आणि मी सूचना दिल्या. पाणी थोडं, अजून थोडं, अगं सैल झालं. तिनं मला दोनदा डोळे दाखवले. लाटून झाल्यावर वर सुरीच्या पाठीनं क्रूस काढायचा असतो. तो मी काढणार म्हणून हटून बसले. सुरी धरता येईना, तर हाताच्या कडेनं दाबला. एक रेघ तिरकी गेली आणि भाजताना नेमकी तिथंच कडेपासून मोठी भेग पडली. मी म्हटलं, "परत कर. असली भाकर मेजावर ठेवायची?"

सुजातानं ती कापडात गुंडाळली. "आई, तिथं नेऊन मोडणारच आहेत ना?"

मी हट्ट सोडला. सासूबाईंनीही सोडला असता.

रविवार

व्हीलचेअर चर्चच्या दारातून आत जाईना, म्हणून पोरांनी मला खुर्चीसकट उचललं. सुजाता मागच्या बाकावर दाविदशेजारी बसली. आमचे हे दाराबाहेर, चपलांपाशी उभे होते. गीत सुरू झालं तेव्हा बघितलं तर आत येऊन उभे होते.

पाळकसाहेबांनी भाकर वर धरली. भेग लांबूनही दिसत होती. त्यांनी तिथंच बोटं घातली आणि ती सहज मोडली. इतकी सहज माझी चांगली गोल भाकर कधी मोडली नव्हती.

ताट फिरवायचं काम तात्यांचं. माझ्यापाशी आले, थांबले. मला तुकडा उचलता येणार नाही हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी ताट पुतण्याकडं दिलं, आपल्या म्हाताऱ्या बोटांनी तुकडा घेतला आणि माझ्या तोंडात घातला. जरा कच्ची राहिली होती. मी डोळे मिटून चावत राहिले. कुणाची मूठ होती त्या घासात, काही सांगता येत नव्हतं.

आता जे फोन करतात त्यांना मी हेच सांगते. धीर आपल्यापाशी नसला तर लाजू नका. माझ्यापाशीही नव्हता. जे कुणी थोडाथोडा आणून देतील तो घ्या. प्रार्थना येत नसेल तर नाक खाजतंय एवढं सांगा. आणि तुमची माणसं तुमच्या प्रेमापोटी काही वेडगळ शपथ घेऊन बसली असतील, तर त्यांना रागावून सोडवा.

मी परत निरवांगीत आहे. शर्टाची बटणं मला अजून लावता येत नाहीत, सुईत दोरा ओवता येत नाही. लाटणं येतं. पहिल्या रविवारच्या आदल्या दिवशी दाविद आणि सुजाता येतात, परात निघते, घरं येतात, मुठी पडतात. शेवटी माझी. मूठ आता मिटते, पीठ सांडत नाही. तरी सुजाताचा तळवा खाली असतोच. काढ म्हटलं तर काढत नाही. मीही फारसं म्हणत नाही.